नागपंचमीच्या आत

पेठ तालुक्यात करंजाळीहून आत गेलं की लागणाऱ्या एका पाड्यावर एक आजी राहायची. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवावी तर तिनंच, असा तिचा लौकिक होता. ओहोळापलीकडची माणसंसुद्धा आधी तिला विचारायची. कोणतं अंडं ताजं, कोणतं शिळं, कोणती कोंबडी नेटानं बसेल आणि कोणती मधेच उठून चालती होईल, हे ती नुसतं बघून सांगे. अंडी विषम हवीत. खाली भाताचा पेंढा, त्यात थोडी राख, आणि गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून कडेला एक लोखंडी खिळा. राखेनं पिसवा कमी होतात हे समजण्यासारखं आहे. खिळ्याचं शास्त्र तिचं तिलाच माहीत.

तिचा खरा कटाक्ष पहिल्या चार दिवसांवर असे. त्या चार दिवसांत डालगं जागचं हलवायचं नाही, शेजारी उखळ वाजवायचं नाही, पोरांनी तिकडं फिरकायचं नाही. एकदा धाकट्या लेकानं तिसऱ्या दिवशी डालगं उचलून पडवीत ठेवलं, तर दोन दिवस त्याच्याशी ती बोलली नव्हती. "वरून दिसत नाही म्हणून काय झालं? आत सगळं तवाच चालू असतंय," असं तिचं म्हणणं.

सुनांच्या बाबतीत मात्र हीच आजी बरोबर उलटं बोलायची. दिवस गेले तर तिसरा महिना सरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, नजर लागते. कामात सूट नाही, खाण्यात वेगळेपणा नाही. "अजून काही दिसतच नाही, तर जपायचं काय?" हा नियम काही तिनं काढलेला नव्हता. तिच्या सासूचा होता, तिच्या सासूच्या सासूचाही असणार. आणि हा नियम पाड्यावरच पाळला जातो असं समजू नका. नाशिक-पुण्याच्या फ्लॅटमध्येही 'गोड बातमी' तीन महिने कपाटात बंद असते.

घरात आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नसे. थोरल्या सुनेची मुलगी 2023 सालच्या महाशिवरात्रीला जन्मली. दूध पिताना दमायची, कपाळावर घाम यायचा, वजन धरत नव्हती. अंगणवाडीत तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली, त्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी त्यात होते, आणि हृदयाचं जन्मजात व्यंग सापडलं तर शस्त्रक्रियेचा खर्च घरच्यांवर पडत नाही. पोरीला नाशिकला नेलं, सोनोग्राफीसारख्या यंत्रानं हृदय पाहिलं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात. हे मोठं होतं. शस्त्रक्रिया झाली, पोरगी सावरली, आता ती कोंबड्यांमागं धावते. छातीवर उभा वण आहे.

पण आजीनं कारण केव्हाच शोधून ठेवलं होतं. 25 ऑक्टोबर 2022 ला, ऐन दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण लागलं होतं. सूर्य ग्रासलेलाच मावळला. त्या वेळी थोरली पोटुशी होती, आणि विळीवर भोपळा चिरत बसली होती. आजीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरीच्या काळजाला भोक आहे म्हटल्यावर आजीच्या तोंडून निघालं, "ग्रहणात विळी धरलीस. तिकडं चिरलंस, ते इकडं चिरलं." एकदाच म्हणाली, पण अशी वाक्यं एकदाच म्हणावी लागतात. पुढचं काम पाणवठ्यावरच्या बायकांनी केलं. थोरलीनं उलटून उत्तर दिलं नाही. पोरीला आंघोळ घालताना तो वण दिसला की तिचा हात मात्र तिथं थांबायचा.

आता आजीच्या दुसऱ्या एका नातीकडे येऊ. ही आजीच्या लेकीची लेक. पेठच्या महाविद्यालयात बीएस्सीला, प्राणिशास्त्र घेऊन, आणि शिकायला आजीकडेच राहिलेली. कोंबडीच्या गर्भाची वाढ हा तिच्या अभ्यासातला धडा. वर्गात काचपट्ट्या दाखवतात: 24 तासांचा गर्भ, 33 तासांचा, 48 तासांचा, 72 तासांचा. वहीत त्यांच्या आकृत्या काढायच्या, नावं द्यायची, गुण मिळवायचे. पण काचपट्टीवरचा गर्भ रंगवलेला आणि मेलेला. नातीला जिवंत बघायचा होता, आणि घरात तर दर दोन-तीन महिन्यांनी कोंबडी बसत होती.

आजीकडे एक अंडं मागितलं तर आजी उखडली. "जीव असा उघडा करून बघतात का?"

नातीनं हट्ट सोडला नाही. तसा तिचा हट्ट काही जगावेगळा नव्हता. ॲरिस्टॉटलनं तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी अंडी एकेक दिवसानं फोडून पाहिली होती, आणि तीन दिवस-रात्री उलटल्यावर पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका जिवंत असल्यासारखा उड्या मारतो, असं लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे डॉ. लीला मुल्हेरकर एडिंबरोला गर्भशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आल्या, आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीचा गर्भ काचेच्या बशीत वाढवून पाहण्याची विद्या त्यांनी रुजवली. नातीच्या वहीतल्या आकृत्या त्याच परंपरेतून तिच्यापर्यंत आलेल्या.

दिवाळी सरली, नागली-भात खळ्यावरून घरात आलं. धाकटा लेक आणि धाकटी सून द्राक्षबागेच्या कामाला निघायच्या तयारीत होती. पेठ-सुरगाण्याची माणसं या दिवसांत दिंडोरी-निफाडकडे टोळीनं जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. त्याच आठवड्यात आजीनं अकरा अंड्यांवर कोंबडी बसवली, आणि काय मनात आलं कोण जाणे, नातीला म्हणाली, "एकच देईन. आन माझ्यासमोर."

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आजीनं स्वतः कोंबडीच्या पोटाखाली हात घालून एक अंडं काढलं. नातीनं स्टीलच्या वाडग्यात कोमट पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं. अंडं आडवं धरून बेतानं फोडलं आणि आतलं सगळं अलगद पाण्यात सोडलं. मोबाइलचा उजेड वरून धरला.

पिवळ्या बलकावर लाल तंतूंचं एक गोल जाळं पसरलं होतं, जुन्या रुपयाएवढं. मधोमध स्वल्पविरामासारखा वाकलेला, जवळजवळ पारदर्शक गर्भ. एका टोकाला डोळ्याचा मोठा ठिपका. आणि डोक्याच्या खाली, अंगाबाहेर आल्यासारखा, मुरडलेला लालबुंद कण: आकसायचा, फुलायचा, आकसायचा, फुलायचा. प्रत्येक आकसण्यासरशी जाळ्यातलं रक्त एक पाऊल पुढं सरकताना दिसत होतं.

आजी वाकली ती वाकलीच. थोड्या वेळानं म्हणाली, "मंद झालं गं."

पाणी निवत होतं. नातीनं चुलीवरच्या पातेल्यातलं ऊन पाणी कडेनं थोडं थोडं सोडलं. ठोके पुन्हा भरभर पडू लागले. आजीनं नकळत आपल्या मनगटावर बोटं ठेवली.

"हे कधी सुरू झालं?"

"काल पहाटेच्या सुमारास. तेहेतिसाव्या तासाला."

आजीनं हिशेब केला. कोंबडी बसवल्याला दुसरी रात्रही पुरी झाली नव्हती. "इतक्यात? पिल्लाचा तर अजून पत्ताच नाही."

मग नातीनं सांगायला घेतलं. वर्गातल्यापेक्षा तिनं हे बरं सांगितलं, कारण आजी मधे मधे अडवत होती. सुरुवातीला पिल्लू म्हणजे पेशींचे नुसते पातळ थर. काळीज ज्या पेशींतून व्हायचं, त्या एका जागी नसतात. काही डाव्या अंगाला, काही उजव्या. दोन्हीकडच्या पेशी सरकत सरकत मध्याकडे येतात, दोन नळ्या होतात, आणि त्या जुळून एक होते. कुणी मधे आडकाठी घालून त्यांना जुळू दिलं नाही, तर दोन काळजं होतात.

"आन दोन्ही चालतात?"

"दोन्ही धडधडतात. पण तेवढ्यानं पिल्लू जगत नाही."

आजीला पुढचं कोडं पडलं. तेव्हा अंगात रक्त तरी असतं का? नसतंच, नात म्हणाली. निदान वाहत नसतं. रक्त तिकडं बलकावर वेगळंच तयार होत असतं. पेशींचे बारीक पुंजके जमतात. कडेच्या पेशी चपट्या होऊन नळीची भिंत होतात, आतल्या पेशी लाल होऊन रक्त होतात. पुंजके एकमेकांना लागतात, त्यांची जाळी होते, जाळी वाढत वाढत काळजाला येऊन मिळते. मग कुठं रक्त फिरू लागतं. 1917 च्या सुमारास अमेरिकेत फ्लॉरेन्स सॅबिन नावाची बाई रात्रभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती, आणि तिनं कोंबडीच्या जिवंत गर्भात हे घडताना पाहिलं.

"म्हणजे काळीज रिकामंच चालत होतं," आजी म्हणाली. "रक्त यायच्या आधी."

हे मात्र शास्त्रज्ञांनाही फार आवडलेलं गूढ आहे. अवयव पुरा व्हायच्या आधी कामाला लागतो, आणि काम करता करता पुरा होतो. रक्तवाहिन्यांचंही तेच. जाळीतल्या सगळ्या नळ्या आरंभी सारख्याच बारीक असतात. रिचर्ड थोमा या जर्मन वैद्यकीय संशोधकानं 1893 साली कोंबडीच्या गर्भावरूनच दाखवलं की जिच्यातून रक्त जास्त वाहतं ती नळी रुंदावते, जिच्यातून वाहत नाही ती मिटून जाते. अर्थात नुसत्या वाहण्यावर सगळं सोपवलेलं नाही, पेशींमध्येही सूचना लिहिलेल्या असतात. बंगळूरला डॉ. मनीषा इनामदार यांच्या प्रयोगशाळेनं उंदराच्या गर्भातलं असं एक जनुक शोधलं आणि त्याला 'रुधिरा' नाव दिलं. ते नसलं तर जाळीची पुढची नीट घडण होत नाही, आणि उंदराचं पिल्लू पोटातच दगावतं.

नात हे सगळं भराभर बोलून गेली. आजीचं अर्ध्याहून जास्त लक्ष वाडग्यात होतं. मग तिनं विचारलं, "आन माणसाचं?"

"माणसाचंही असंच, जरा सावकाश. गर्भ राहिल्यापासून बावीस दिवसांच्या आसपास ठोका पडतो."

"बावीस?"

"म्हणजे पाळी चुकून आठवडा झाला की. मग ती नळी मुरडते, आत पडदे वाढू लागतात. वरच्या दोन कप्प्यांमधे एक वाट मुद्दाम उघडी राहते, पोटात फुप्फुसं चालत नसतात ना, म्हणून. ती जन्मल्यावर मिटते. खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा मात्र पुरा बंद व्हावा लागतो. शेवटची फट सातव्या-आठव्या आठवड्यात बुजते. तेव्हा बाळ असतं एवढं," तिनं करंगळीच्या टोकाच्या पेरावर बोट ठेवलं, "थोडंसंच मोठं. दुसरा महिना सरला की चारही कप्पे झालेले असतात. पुढं काळीज फक्त वाढतं."

"आन ती फट राहिली तर?"

"तर भोक."

आजी गप्प झाली. मग तिनं बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. शिकलेली नव्हती, पण महिने मोजण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पाड्यावरच्या किती तरी बाळंतपणांचे हिशेब तिनं असेच ठेवले होते. पोरगी महाशिवरात्रीची. तिथून मागं, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक... ती मोजत मोजत ज्येष्ठाच्या तोंडाशी आली. तिथून पुन्हा पुढं दोन महिने. आषाढ सरत आला तिथं बोट थांबलं. ते तर आवणीचे दिवस. थोरली गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होती, आणि पोटात काही आहे याची घरात कुणाला दादही नव्हती.

"म्हणजे नागपंचमीच्या आत," आजी म्हणाली, "काळीज होऊन गेलेलं."

"हो."

"ग्रहण तर दिवाळीत होतं."

नातीला आता कुठं कळलं की आजी काय मोजत होती. तिनं मागं पाहिलं. थोरली मामी दारात उभी होती, पोरीला कडेवर घेऊन. कधी आली होती कोण जाणे.

आजीनं माफी वगैरे मागितली नाही. त्या पिढीच्या सासवांना तो शब्द माहीत असतो, पण जिभेवर येत नाही. ती उठली, थोरलीच्या हातून पोरीला घेतलं आणि विचारलं, "मग कशानं झालं गं हिचं?" विचारलं नातीला, पण बघत होती थोरलीकडे.

नातीला उत्तर देता आलं नाही, आणि ते बरंच झालं, कारण खरं उत्तर फार थोड्या वेळा देता येतं. हजार जन्मांत आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही उणं असतं. त्यातल्या बहुतेकांचं कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. काही कारणं ठाऊक आहेत: पहिल्या महिन्यांत आईला झालेला रुबेला, आटोक्यात नसलेली साखर, फिटच्या काही गोळ्या, दारू, काही वेळा गुणसूत्रांतला फरक. त्यात ग्रहण कुठंच नाही. विळीही नाही.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर आजी मुद्दाम बायकांची गर्दी असताना गेली. हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "आमच्या पोरीचं ग्रहणानं झालेलं नाही. मी मोजलंय." कुणीतरी काहीतरी बोलायला गेलं, तर तिनं महिने मोजून दाखवले, एकेक पेर दाबून. पंचायतीत पुरावा मांडावा तसे. ज्या बाईनं ती गोष्ट सगळ्यात जास्त पसरवली होती, तिचंही बाळ अंगावर पीत होतं. तिनं मान खाली घालून हंडा भरायला घेतला.

हे झालं थोरलीचं. पण अंडं फोडलं त्या संध्याकाळी चुलीपाशी आणखी एक जण भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि एक शब्द काढला नव्हता. धाकटी. आजीनं रात्री तिला एकटीला गाठलं.

"किती दिवस चुकलेत?"

धाकटी आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "बारा. तुम्हीच सांगितलं होतं ना, तिसऱ्या महिन्यापर्यंत बोलायचं नाही."

"सांगितलं होतं," आजी म्हणाली. मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. बाराव्या दिवसाचा हिशेब तिचा केव्हाच झाला होता: आतला ठोका सुरू होऊन गेलेला. कोंबडीच्या डालग्याला चार दिवस ती कुणाला हात लावू देत नव्हती, आणि ही पोरगी सकाळपासून पाण्याच्या खेपा घालत होती.

सकाळी आशाताईला निरोप गेला. ती आली, पट्टीवर तपासणी झाली, नाव नोंदलं, माता-बाल संरक्षण कार्ड झालं. रक्त आणि साखर तपासायला उपकेंद्रात ये म्हणाली. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या: रोज एक, पहिले बारा आठवडे. ही गोळी मुळात मेंदू-मणक्याचं व्यंग टाळण्यासाठी आहे. मेंदू-मणका ज्या नळीतून घडतो ती तर गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते. हृदयालाही या गोळीचा उपयोग होतो असं काही अभ्यास सांगतात. शिवाय ताप अंगावर काढायचा नाही, दुकानातून विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, मोहाची नाही, मशेरी नाही. मशेरीचं नाव निघालं तेव्हा आजीनं आपली डबी पदराआड केली.

"बागेला जाऊ का नको?" धाकटीनं विचारलं.

आशाताईला काय उत्तर द्यावं कळेना. उचल घेतलेली होती, ती खर्चूनही झाली होती. आजीनंच वाट काढली. लेकाला म्हणाली, तू एकटा जा. मुकादमाला सांग, हिच्याऐवजी मी येते, भाकरी करीन टोळीच्या आन पोरं सांभाळीन. मुकादम कुरकुरला, मग अर्ध्या हजेरीवर तयार झाला. सत्तरीला टेकलेली म्हातारी त्या वर्षी द्राक्षबागेच्या पालावर राहिली. हे बरोबर झालं असं मी म्हणणार नाही. ज्या घरात पोटुशा सुनेला जपायला सासूला मजुरीला जावं लागतं, त्या घराला गोळीबरोबर आणखी बरंच काही द्यायला हवं.

जाण्याआधी तिनं नातीला बजावलं, की राहिलेल्या दहा अंड्यांपैकी एकालाही हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. एक अंडं कोरं होतं.

आजीचा नजरेवरचा विश्वास अजून तसाच आहे, आणि तो कुणी मोडायलाही गेलं नाही. नियमात तिनं एवढाच बदल केला: गावाला तिसऱ्या महिन्यात, आशाताईला पहिल्या आठवड्यात. तुमच्या घरीही बातमी लपवायची रीत असेल तर खुशाल लपवा. पाळी चुकली की आशाताईला किंवा डॉक्टरांना मात्र त्याच आठवड्यात सांगा. फॉलिक ॲसिडची गोळी सरकारी उपकेंद्रात फुकट मिळते, आणि मूल हवं असं ठरवलं असेल तर ती दिवस राहण्याच्या आधीपासूनच घ्यायची असते.